कल्पित संस्कृतींचं खाणंपिणं आणि देवधर्म खरा कसा वाटेल?

धुक्यातली_वाट

मंडळी, मदत हवी आहे. मी सध्या स्वतः रचलेल्या जगात कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळाची लांबलचक गोष्ट, चालवतेय, डीएम (खेळ चालवणारी, गोष्ट सांगणारी) मीच, आणि पुढच्या सेशनला, म्हणजे बैठकीला, पार्टी (प्लेअर्सच्या पात्रांची टोळी) पहिल्यांदाच ओरेन लोकांच्या मुलखात पोचणारे. ओरेन म्हणजे उंच, थंड, जवळजवळ झाडंच नसलेलं पठार, मेंढ्या आणि केसाळ बैल पाळणारी माणसं, हिवाळा लांबलचक. पठाराच्या खाली मोठं सरोवर आहे तिथे तिल्वा राहतात, त्यांचा जन्म बोटीवर आणि मरणही बोटीवर. दोघांचे नकाशे झाले, राजकारण झालं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते पण ठरलं. अडलंय ते खाणं आणि धर्म यापाशी.

जे लिहिते ते दोनपैकी एका खड्ड्यात जातं. एक तर निळं फळ, चमकणारा रस्सा, सहा पायांच्या जनावराचं भाजलेलं मांस, म्हणजे नुसती सजावट. प्लेअर्स ऐकून घेतात, "बरं, खाल्लं" म्हणतात आणि पुढच्या क्षणी विचारतात की गुहा कुठल्या दिशेला. नाहीतर मग खऱ्या जगातला एखादा धर्म, फक्त देवाचं नाव बदललेलं, आणि ते टेबलावर सगळ्यांच्या लगेच लक्षात येतं.

मला हिवाळ्याच्या मधोमध येणारा एक सण हवाय. पार्टी नेमकी तेव्हा तिथे पोचते. त्या घरातून बाहेर पडताना त्यांना वाटलं पाहिजे की ही माणसं आपण यायच्या आधीपासून इथे होती आणि आपण गेल्यावरही राहणार आहेत. तुम्ही सुरुवात कुठून करता? देवापासून, पिकापासून, कॅलेंडरपासून? आणि त्यातलं किती टेबलावर दाखवता?


खारवट

मी नेहमी सरपणापासून सुरू करतो. आधी जळण, मग पाणी, मग मीठ, मग साठवण. पदार्थाचं नाव आणि चव सगळ्यात शेवटी. आणि तुझ्या ओरेनच्या बाबतीत तर अर्धं काम भूगोलानेच करून ठेवलंय बघ. झाडं नाहीत म्हणजे लाकूड नाही, म्हणजे वाळलेलं शेण जाळायचं, ते पण उन्हाळ्यात गोळा करून ठेवलेलं. त्यात उंची. समुद्रसपाटीपासून ४००० मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, म्हणजे डाळी, कडधान्यं तासन्‌तास शिजवली तरी दाताखाली कचकच लागणार आणि तेवढं जळण आहे कोणाकडे? तिबेटमधे लोकांनी यावर काय केलं तर सातू आधी भाजून त्याचं पीठ करून ठेवलं, मग खाताना चूल पेटवायलाच नको, चहात नाहीतर नुसत्या पाण्यात लोणी घालून हातानेच कालवायचं. एकदाच विस्तव, आणि त्यावर कित्येक दिवसांचं खाणं.

अँडीज पर्वतातली गोष्ट याहून भारी आहे. तिथे बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, रात्री कडाक्याचं हीव पडतं, बटाटा गोठतो, दिवसा उन्हात वितळतो, मग सगळं घर त्यावर अनवाणी पायांनी नाचल्यासारखं चालतं आणि त्यातलं पाणी बाहेर काढतं. असं थोडे दिवस केलं की खड्यासारखा खडखडीत पण हलका बटाटा तयार होतो जो वर्षानुवर्षं टिकतो. त्याला चुन्यो म्हणतात. इंका राज्याच्या कोठारांत हे साठवलेलं असायचं, सैन्य त्यावर चालायचं. आता तू विचार कर, ज्या लोकांचं पुढचं वर्ष त्या रात्रीच्या थंडीवर ठरतं ते थंडीला वैरीण म्हणतील का? तुझ्या प्लेअर्सनी थंडी म्हणजे मरण, अंधार, दुष्ट देवी असं गृहीत धरलेलं असणार आणि इथे म्हातारी माणसं हीव पडावं म्हणून हात जोडतायत. एवढ्यानेच तुझा देव वेगळा झाला, त्याला शिंगं लावायची गरज नाही.

आणि जळण महाग असलं की विस्तवाचे नियम आपोआप येतात. कोणाच्या घरात आग, कोण कोणाकडून निखारा मागू शकतो, पाहुण्याने चुलीत काही टाकायचं की नाही. हे नियम तू लिहायला बस, सण त्यातूनच निघेल.


रानवाट

वर खारवट यांनी लिहिलंय ते पटलं, त्यात एक भर घालते. माझ्या मते सगळ्यात कसदार माल मिळतो तो जिथे विधी चुकला तर माणूस आजारी पडतो अशा ठिकाणी, आणि विधी करणाऱ्याला त्याचं कारण माहीत असतंच असं नाही.

मक्याचं घ्या. मेक्सिको आणि आजूबाजूच्या भागात हजारो वर्षं मका चुन्याच्या निवळीत नाहीतर राखेच्या पाण्यात शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुवून मग वाटतात. त्याने साल सुटतं, पीठ चिकट होतं हे डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही ते असं की मक्यातलं नायसिन, म्हणजे बी ३ जीवनसत्त्व, त्यामुळेच अंगाला लागतं. युरोपने मका नेला, पण चुना मागेच राहिला. मग गरीब लोक नुसत्या मक्यावर जगायला लागले तिथे पेलाग्रा पसरला, उन्हात कातडी लाल होऊन भेगाळते, जुलाब लागतात, शेवटी डोकं भ्रमिष्ट होतं. स्पेनमधल्या गास्पार कासाल नावाच्या वैद्याने १७३५ मधे त्याचं वर्णन केलं. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात हाच रोग एवढा वाढला की १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर नावाचा डॉक्टर त्याच्या मागे लागला आणि हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे हे दाखवत राहिला, आणि ते सुद्धा लोकांना पटायला कठीण गेलं.

आता हे टेबलावर आणा. ओरेनच्या कोठारातलं धान्य "राख दाखवल्याशिवाय" खात नाहीत. का? तर म्हणे राखेत आजा-पणजांचा वास आहे, त्यांनी आधी चाखलं की मग आपण. पार्टीला हे भाबडं वाटतं. आणि सरोवरावरच्या व्यापाऱ्याने तेच धान्य पोत्यांनी विकत नेलंय, राखेचं सोंग सोडून दिलंय, आणि तिथल्या गोरगरिबांच्या हातांना भेगा पडायला लागल्यात. पार्टीतला क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने बरं करणारं पुजारी पात्र, शाप शोधत बसेल, विष शोधेल, हेर शोधेल... आणि उत्तर एका म्हातारीच्या माठात आहे. अख्खा चार-पाच सेशनचा ऐवज झाला, आणि तोही स्वयंपाकातून.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला कडू कसावा नावाचा कंद पण असाच. तो कच्चा विषारी असतो, सायनाइड तयार होतं त्यातून. तो किसतात, विणलेल्या लांब नळीत भरून ती नळी ताणून पिळतात, मग तव्यावर भाजतात. निघालेला रस फेकत नाहीत, तो खूप वेळ उकळला की विष जातं आणि त्याचंच कालवण होतं. ती नळी पिळणारी बाई डोळ्यांसमोर आणा, टोकाला काठी घालून त्यावर सगळा भार टाकून बसलेली, खालच्या भांड्यात पिवळट पाणी थेंब थेंब, आणि पाच वर्षांचं पोर भांड्याकडे गेलं की चार जणी एकदम ओरडतात. तिथे कुठल्याही देवाचं नाव न घेता प्लेअर्सना कळतं की या घरात कशाला भितात.


सातवा_डोंगर

मी थोडा विरोधात बोलतो. वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले पण हाच रस्ता धरून गेलात तर सगळा धर्म म्हणजे वेष बदललेलं आरोग्यखातं होऊन बसेल, प्रत्येक प्रथेमागे जीवनसत्त्व, प्रत्येक निषेधामागे जंतू. माणसं अशी वागत नाहीत हो. डुकराच्या निषेधावरच बघा किती वर्षं वाद चाललाय. मार्विन हॅरिस हा मानववंशशास्त्रज्ञ म्हणायचा की कोरड्या प्रदेशात डुक्कर पाळणं परवडत नाही, त्याला सावली लागते, पाणी लागतं, माणूस खातो तेच ते खातं, म्हणून निषेध. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं १९६६ मधलं म्हणणं वेगळं, की ते जनावर कुठल्याच ठरलेल्या कप्प्यात नीट बसत नाही, खूर दुभंगलेले आहेत पण रवंथ करत नाही, आणि कप्प्यात न बसणारं ते अशुद्ध. आणि जो माणूस प्रत्यक्षात खात नाही त्याला विचारलंत तर तो यातलं काहीच सांगणार नाही, तो म्हणेल आम्ही खात नाही. बस. "आम्ही" हा त्यातला मुख्य शब्द.

म्हणून माझा सल्ला असा, डीएमने कारण जरूर ठरवावं, पण गावात कोणालाच ते पक्कं माहीत नसावं. तीन माणसांना विचारलं तर तीन वेगळी उत्तरं मिळावीत आणि पुजाऱ्याचं उत्तर सगळ्यात सफाईदार आणि बहुतेक चुकीचं असावं.

दुसरं म्हणजे पळवाटा. नियम लिहिला की थांबू नका, तो नियम कोण कसा वाकवतं ते लिहा, संस्कृती तिथे जिवंत होते. मध्ययुगातल्या युरोपात ईस्टरच्या आधीच्या लांबलचक उपासात मांस बंद, मासे चालायचे. मग काही लोक म्हणायला लागले की अमुक जातीचं रानहंस अंड्यातून जन्मतच नाही, समुद्रातल्या लाकडाला चिकटलेल्या शिंपल्यांतून होतं, म्हणजे ते पक्षी नव्हे, खायला हरकत नाही. आणि हे इतकं चाललं की १२१५ मधे पोप तिसरा इनोसंट याला ते बंद करायला सांगावं लागलं! फ्रान्समधे रुआँच्या कॅथिड्रलला एक मनोरा आहे, पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेला, त्याला लोण्याचा मनोरा म्हणतात, कारण उपासाच्या दिवसांत लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून तो उभा राहिला असं सांगतात. एका उपासाच्या नियमातून दगडी मनोरा. तुमच्या शहराच्या नकाशावर अशी एक इमारत टाकून बघा, पार्टी तिथे थांबून विचारल्याशिवाय राहणार नाही.

आणि नवा धर्म आला की जुनं खाणं कुठे जातं हे पण बघा. आइसलँडने इसवी सन १००० च्या आसपास ख्रिस्ती धर्म घ्यायचा ठरवला तेव्हा निवाडा करायला थोरगेर नावाचा कायदा सांगणारा नेमला होता, तो स्वतः जुन्याच देवांना मानणारा. तो एक दिवस आणि एक रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला, कोणाशी बोलला नाही, मग उठून म्हणाला सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा, पण घोड्याचं मांस खाणं चालू ठेवायला मुभा, आणि जुन्या देवांना बळी द्यायचा तर चोरून, साक्षीदार नको. काही वर्षांनी ती सूट पण गेली. पण मधली जी काही वर्षं होती ना, नवा देव अंगणात आणि जुना देव स्वयंपाकघरात, ती कॅम्पेनसाठी सोनं आहे.


कोरी_पाटी

मी फक्त प्लेअर आहे, डीएम नाही, तेव्हा टेबलाच्या या बाजूने सांगतो. आम्हाला वर्णन ऐकायचा कंटाळा येत नाही, वर्णनात आम्हाला करण्यासारखं काही नसतं त्याचा येतो. जेवणाचं वर्णन दोन वाक्यांत आटपा आणि लगेच आमच्याकडे वळा. वाडग्यात पहिला घास कोणी घ्यायचा ते सगळे तुमच्याकडे बघून वाट पाहतायत, काय करता? एवढं विचारलं की मोबाइल खाली ठेवले जातात, मी स्वतः बघितलंय.

वाटणी हा प्रकार सगळ्यात चांगला चालतो. मांस कोण कापतं, कोणाला कुठला तुकडा, देवाला काय. जुन्या ग्रीक लोकांत बळी दिल्यावर देवाला हाडं आणि चरबी जाळून धूर मिळायचा आणि चांगलं मांस माणसंच खायची, आणि असं का यावर त्यांची प्रॉमिथिअसची कथाच होती, त्याने हाडं चरबीत गुंडाळून देवांचा राजा झ्यूस याला फसवलं म्हणून. म्हणजे देवाला फसवल्याची गोष्ट दर बळीच्या वेळी पुन्हा घडतेय आणि देवाला ते माहीत आहे! आमच्या एका कॅम्पेनमधे डीएमने एवढंच केलं होतं की भाकऱ्या मोजून माणसांपेक्षा एक जास्त करायच्या आणि ती जास्तीची कोणी खायची नाही. आमच्या बार्बेरियनने, म्हणजे आडदांड लढवय्या पात्राने, खाल्ली. भांडण नाही झालं, कोणी हत्यार नाही उपसलं, फक्त त्या रात्रीनंतर गावात त्याला त्या मेलेल्या माणसाच्या नावाने हाक मारायला लागले आणि त्याची राहिलेली देणी मागायला लागले. आम्ही अजून ती फेडतोय.


रानवाट

@कोरी_पाटी हे फारच सुंदर आहे, तुमच्या डीएमना सांगा. शिक्षा न करता परिणाम, आणि तो परिणाम त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे अगदी बरोबर.

मूळ प्रश्नात खऱ्या जगातला धर्म उचलण्याबद्दल आलंय म्हणून अजून थोडं. माझा नियम असा आहे की कारण उचलायचं, कपडे ठेवून द्यायचे. तिबेटमधे मृतदेह गिधाडांना देतात त्यामागे जमीन गोठलेली, खणता येत नाही, जाळायला लाकूड नाही हेही आहे, आणि शेवटचं दान ही श्रद्धाही आहे. तुमच्या पठारावर जमीन आणि लाकूड यांची अडचण तशीच आहे तेव्हा तो प्रश्न तुमचा झाला, पण उत्तर तुमच्या लोकांचं हवं. खऱ्या माणसांचे मंत्र, वस्त्रं, मूर्ती, जिवंत धर्मातली पवित्र नावं जशीच्या तशी आणून त्यावर राक्षस बसवणं मी करत नाही, ती ज्यांची आहेत ती माणसं आपल्याच टेबलावर असू शकतात. आणि पहिल्या सेशनच्या आधी विचारून ठेवा की खाण्याच्या बाबतीत कोणाला काय नको, काही जणांना खरोखर उपासमारीची दृश्यं किंवा मांस कापण्याची वर्णनं सहन होत नाहीत.

अजून एक, "रानटी लोक विचित्र खातात" हा छाप टाळाच. आंबवलेला, वास मारणारा पदार्थ पार्टीसमोर ठेवला तर त्याच पंगतीत एखादा ओरेन म्हातारा पार्टीच्या शिदोरीतलं काहीतरी बघून तोंड फिरवताना दाखवा. किळस दोन्हीकडून असली की बरोबरी होते.


सातवा_डोंगर

उपासाबद्दल एक राहिलं. डीएम लोक उपास म्हणजे उपाशी राहणं एवढंच धरतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधे सामान्य माणसाला पण वर्षातले १८० च्या आसपास दिवस उपास असतो, मांस नाही, दूध-लोणी-अंडी नाही. परिणाम काय तर डाळी, भाज्या, तेलबिया यांचा जबरदस्त स्वयंपाक तयार झाला. निषेधाने खाणं संपत नाही, दुसरं खाणं जन्माला येतं. आणि निषेधाला ऋतू असतो. जपानमधे ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी केली ती चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत, म्हणजे शेतीच्या दिवसांत, आणि रानडुक्कर, हरीण त्यात नव्हतंच. "ओरेन अमुक खात नाहीत" असं सरसकट लिहू नका, कधी खात नाहीत ते लिहा.


धुक्यातली_वाट

लोकहो, किती दिलंत तुम्ही! काल रात्रीपासून लिहीत बसलेय, जे जमलंय ते टाकते, बिनधास्त फाडा.

सणाचं नाव "गार". हिवाळ्याच्या मधोमध सात दिवस सगळ्या ओरेन वस्त्यांमधे एकही चूल पेटत नाही. मी ठरवलेलं कारण असं की हिवाळा निम्मा सरलाय आणि शेणाच्या गोवऱ्या निम्म्याहून कमी उरल्यात, सात दिवस वाचवले तर वसंतापर्यंत पुरतात. पण गावात हे कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं आग दमते, तिला झोपू द्यायचं. कोणी म्हणतं पहिल्या हिवाळ्यात आपल्याकडे आग नव्हती आणि थंडीनेच आपल्याला सांभाळलं, तिच्याशी इमान राखायचं. पुजारीण म्हणते आगीचा देव सात दिवस मेलेल्यांच्या घरी पाहुणा जातो, आणि तिला ते सांगताना एवढं छान जमतं की पार्टी तेच खरं धरणार.

या सात दिवसांत भाजून ठेवलेलं पीठ गार पाण्यात मीठ आणि लोणी घालून खायचं. बाहेर गोठवलेला कंद, तो पण तसाच, तोंडात धरून वितळवायचा. सगळं घर एकाच घोंगड्यांच्या ढिगात झोपतं, भांडलेले भाऊसुद्धा, कारण वेगळं झोपलं तर गारठून मरतील. म्हणजे भांडणं मिटायचा हाच काळ, आणि लग्नं जुळायचा पण.

आता पार्टी सणाच्या तिसऱ्या दिवशी पोचते, आणि त्यांच्यातला एक हिमदंशाने अर्धमेला आहे. (तो प्लेअर तयार आहे, त्याला विचारलंय.) त्याला गरम काहीतरी हवं. कोणी त्यांना अडवत नाही. एवढंच सांगितलं जातं की आग पेटवायला बंदी नाही, पण जो पेटवेल त्याने वर्षभर गार खायचं, गावाच्या वतीने. हे ओझं कोण घेणार ते पार्टीने ठरवायचं, नाहीतर घरातली थोरली मुलगी पुढे होऊन म्हणते मी घेते. तिथे मी गप्प बसणार आणि त्यांना बोलू देणार.

तिल्वांचं एवढं झालं नाही. ते वाळवलेले मासे वर आणून विकतात आणि ओरेनचा गारच्या सात दिवसांत मांस न खायचा नियम आहे, त्यात मासा बसतो की नाही यावर दोन वस्त्यांचं जमत नाही, इथपर्यंत आलेय.


खारवट

घोंगड्यांचा ढीग आणि भांडलेले भाऊ, हे वाचून मी टेबल सोडून तुझ्याकडे खेळायला यायला तयार आहे. खरंच छान.

दोन बारीक गोष्टी. सात दिवस आग नाही तर प्यायला पाणी कुठून येतं ते ठरव, बर्फ वितळवायला पण विस्तव लागतो. मला वाटतं तिथे जनावरं कामाला येतील, कातडी पिशवीत बर्फ भरून बैलाच्या पोटाला बांधायची, अंगाच्या उबेने वितळेल, आणि मग त्या सात दिवसांत बैल मारणं सगळ्यात मोठं पाप का ते सांगायला नको. मांसबंदीचं कारण तुला फुकट मिळालं. दुसरं, आठव्या दिवशी पहिली आग कोण पेटवतं आणि तिच्यावर पहिल्यांदा काय शिजतं. तो मान कोणाचा यावरून गावाची उतरंड एका दृश्यात दिसेल.


सातवा_डोंगर

माशाचा वाद अजिबात सोडवू नकोस, तसाच ठेव. फक्त वरच्या वस्तीतल्या पुजारणीला तिल्वा व्यापारी दरवर्षी मिठाचे गोण देतात आणि ती मासा "पाण्याचं पीक" आहे असं म्हणते, खालच्या वस्तीला मीठ मिळत नाही आणि तिथे मासा म्हणजे मांसच. मुद्दाम लाच वगैरे दाखवू नको, तिचा त्यावर मनापासून विश्वास असू दे. आणि माशाला दाखला म्हणून काही खूण लागते का, शेपटीला बांधलेला दोरा, कल्ल्याशी चीर, असं काहीतरी आजच ठरवून ठेव, कारण तुझ्या पार्टीतला रोग (Rogue, म्हणजे चोर-भामट्याचं पात्र) पहिल्या दहा मिनिटांत ती खूण बनावट करायला बसणार आहे.